आईची कानडी

दीड वर्षापूर्वी एका सकाळी आई चहाचा कप हातात धरून माझ्याशी कानडीत बोलली. मी हसलो. मला वाटलं, थट्टा करते आहे. वास्तविक थट्टा करणाऱ्यांतली ती नव्हे, पण माणूस म्हातारपणी बदलतो म्हणतात. मग तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं दिसलं आणि माझा चहा तिथंच राहिला.

अकरा दिवस दवाखान्यात काढले. हात सुधारला, पाय सुधारला, तोंडही बरंचसं सरळ झालं. मराठी तेवढी गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, लहानपणची भाषा राहते आणि मागाहून शिकलेली पुसली जाते. आठवणींचाही थोडा गोंधळ होईल, माणसं ओळखायला चुकतील. मी विचारलं, मराठी परत येईल का? ते म्हणाले, बघूया. माल येणार नसला की आम्ही दुकानदार गिऱ्हाइकाला बघूया म्हणतो. ते बघूया मला चांगलं कळतं.

आम्ही लिंगायत. कोल्हापुरात दोन पिढ्यांचं कापडदुकान, खाली दुकान आणि वर घर. वडिलांच्या घरात सगळा कारभार मराठीत. आई मात्र सीमेपलीकडच्या, चिक्कोडीकडच्या खेड्यातली. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीतलं ‘या, बसा’ एवढंच येत होतं. पुढं शिकली, पण तिची मराठी कायम आखूडच राहिली. जेवा. ठेवलंय. व्हय. न्हाय. आल्यागेल्याला वाटायचं, बाई फार अबोल आहे. मलाही तसंच वाटायचं. कुणी विचारलंच, तर मी सांगायचो की आमच्या वडिलांनी तिची कानडी बंद केली. दुकानात गिऱ्हाईक काय म्हणेल, चारचौघांत कसं दिसेल, असं त्यांचं सारखं असायचं. तेव्हा हेही त्यांनीच केलं असणार, असं मी धरून चाललो होतो. वडील शेवटच्या आजारात अंथरुणावर होते तेव्हा एकदा रागाच्या भरात मी ते त्यांच्या तोंडावर म्हणालोही. “तुम्ही तिला जन्मभर बोलू दिलं नाही.” त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “दुकान लावलं का नीट?” मला वाटलं, उत्तर नाही म्हणून विषय बदलतात.

आईचं करायला एक मावशी ठेवल्या. गडहिंग्लजकडच्या, दोन्ही भाषा येणाऱ्या. आता अडचण मिटली असं मला वाटलं. पण आई त्यांच्याशी दहा मिनिटं बोलायची, हातवारे करायची, मधेच हसायची आणि मी आशेनं मावशींकडं बघितलं की त्या म्हणायच्या, “पाणी मागत्यात.”

“एवढं सगळं पाण्यासाठी?”

“मग काय तर. बाकी आपलं जुनंपानं हाय की. त्यात काय सांगायचं?”

मला ते जुनंपानंच पाहिजे होतं. दुसऱ्याच्या तोंडून आई ऐकायची म्हणजे जेवणाचं वर्णन पोस्टकार्डावर वाचल्यासारखं होत होतं. म्हणून ठरवलं, आपणच शिकायचं. चोपन्नाव्या वर्षी नवी भाषा शिकणं म्हणजे म्हातारपणी पोहायला शिकणं, असं बायको म्हणाली. तिचं फारसं चुकलं नाही.

आधी मोबाईलवरचं एक अ‍ॅप घेतलं. आठ दिवस कानात मोबाईलची बोंडं घालून दुकानात पुटपुटत होतो. नवव्या दिवशी आईसमोर बसून पाठ केलेलं वाक्य म्हणालो. “मेट्रो स्टेशन एल्लिदे?” म्हणजे, मेट्रो स्टेशन कुठं आहे? आई माझ्याकडं बघत राहिली. मावशी हसून हसून भिंतीला टेकल्या. “आवो, ही बेंगळूरची कानडी. आमच्यात असं न्हाय बोलत.” अ‍ॅप काढून टाकलं.

मग शेजारच्या भांड्यांच्या दुकानातल्या अण्णांकडं गेलो. जैन कुटुंब, मूळचे हातकणंगल्याच्या बाजूचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांच्या घरात दोन्ही भाषा एकाच ताटात असतात. हिशेब मराठीत, भांडण कानडीत. मी आईचं सांगितलं तेव्हा त्यांनी एक स्टूल पुढं सरकवलं. दुपारी दोन ते चार बाजार झोपलेला असतो. त्या वेळात पातेल्यांच्या उतरंडीआड बसून मी धडे घेतले. अण्णा मारकुटे मास्तर होते. चुकलं की समोरच्या परातीवर चमचा आपटायचे आणि सबंध गल्लीला कळायचं.

एक गोष्ट त्यांनी पहिल्याच आठवड्यात बोलून दाखवली. “शब्द तुम्हांला एक येत न्हाय. पण चाल बरोबर लागत्या. मराठी माणसाला ही चाल सुटत न्हाय. तुमच्या तोंडात कुठंतरी हाय की ही भाषा.”

मी म्हणालो, “आईचं रक्त.” ते म्हणाले, “रक्तात भाषा नसत्या, पावणं.” आणि पुढचा धडा सुरू केला.

तीन महिन्यांनी धीर करून आईच्या खोलीत गेलो आणि तिच्या गावाच्या कानडीत विचारलं, “ऊटा आतेन्री?” जेवण झालं का? आईनं मान वर केली. तिचा चेहरा असा उजळला की मला काय करावं सुचेना. “बर्री, कूड्री,” ती म्हणाली. या, बसा. आणि मावशींना हाक मारून काहीतरी भराभर सांगितलं. मावशी आतून वाटीत गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. मी गूळ तोंडात टाकला, वर पाणी प्यालो. इतक्या वर्षांत आईनं मला पहिल्यांदा आपल्या भाषेत ‘बस’ म्हटलं होतं. खाली दुकानात येऊन मी गिऱ्हाइकांशी उगीचच गोड बोललो.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती ताटातली भाकरी मोडता मोडता थांबली. “गूळपाणी दिलं? तुम्हांला?”

“हो.”

“घरच्या माणसाला कोण देतं गूळपाणी?”

ते खरंच होतं. आमच्याकडं उन्हातून आलेल्या पाहुण्याला आधी गूळपाणी. घरचा माणूस माठाकडं जातो आणि आपल्या हातानं घेतो. आईच्या लेखी तिच्या मुलाला कानडी येत नव्हती. तेव्हा जो कानडी बोलतो तो मुलगा नव्हे, हे तिचं गणित बिनचूक होतं. मी तिच्या माहेराकडचा कुणीतरी पाहुणा झालो होतो.

मी म्हटलं, हरकत नाही. होईल हळूहळू. आधी बोलणं सुरू तर होऊ दे. पाहुणा म्हणून रोज संध्याकाळी जायला लागलो. दारात चपला काढायच्या, घसा खाकरायचा, बर्री-कूड्री झालं की खुर्चीत बसायचं, गूळ खायचा. मावशी तोंडाला पदर लावून बाहेर जायच्या. डॉक्टरांनी मला साखर सांभाळायला सांगितलं आहे, तरी मी तो गूळ एक दिवसही नाकारला नाही.

आणि त्या खोलीत मला एक बाई भेटली, जिला मी कधी बघितलं नव्हतं. अबोल कसली? तिचं तोंड थांबायचं नाही. नकला करायची, शिव्या द्यायची, आणि त्या शिव्या अशा की अण्णांनासुद्धा अर्थ सांगताना इकडंतिकडं बघावं लागायचं. वडिलांबद्दल म्हणाली, “आमचे मालक कापड मोजायचा गज गिळल्यासारखे चालायचे. वाकले तर कापड कमी भरेल.” मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या वडिलांची चाल अगदी तशीच होती आणि ती मला आजवर कुणी दाखवली नव्हती. गावातल्या विहिरीचं सांगायची, मैत्रिणींबरोबर चोरून खाल्लेल्या चिंचांचं सांगायची. लग्नानंतर पहिलं वर्षभर ती गोठ्यात जाऊन म्हशीशी कानडीत बोलायची, कारण म्हैसही तिच्याच गावाहून आंदण आलेली. तेव्हा आमच्याकडं मागच्या अंगणात म्हैस होती हेही मला माहीत नव्हतं. अर्धं मला कळायचं, अर्धं मी डोक्यात धरून दुसऱ्या दिवशी अण्णांकडं न्यायचो.

एका संध्याकाळी ती आपल्या मुलाबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल बोलली. “चांगला आहे. दुकान बघतो, औषधं आणतो. पण माझ्या दारात येऊन उभा राहतो आणि विचारतो, काय पाहिजे? मी काय लुगडं घ्यायला आलेय?”

मी मान खाली घातली. मी खरंच तसंच विचारायचो. चाळीस वर्षं तसंच विचारत आलो होतो.

बाकीच्यांना हे सगळं गमतीचं वाटायचं. मला मात्र त्या गुळाचा हळूहळू कंटाळा नव्हे, राग यायला लागला. ती बाई माझी आई होती आणि तिच्या लेखी मी कुणीच नव्हतो. मला एवढंच पाहिजे होतं, की तिनं मला तिच्या भाषेत एकदा मुलगा म्हणावं. पाहुण्याला सांगते ते मला सांगावं. दिवस थोडे आहेत हे दिसत होतं. जेवण निम्म्यावर आलं होतं, पाय सुजत होते.

शिकायला लागून सात महिने झाले असतील. दुकानाच्या सुट्टीचा दिवस होता, दुपारची वेळ. आई त्या दिवशी फार स्वच्छ बोलत होती. मी पाहुण्याच्या आवाजात विचारलं, “तुमच्या मुलाला कानडी येत नाही, असं कसं?”

“येत नाही कसं? पहिलं बोलला तो कानडीतच.” आईनं हातानं पलंगाच्या कडेएवढी उंची दाखवली. “एवढा होता तेव्हा पोपटासारखा बोलायचा. पुढं शाळेत घातला. एकदा माझा भाऊ आला होता गावाहून, त्याला घेऊन मी शाळेच्या दाराशी गेले. पोराला हाक मारली आपल्या भाषेत. पोरांनी त्याला कानड्या, कानड्या करून घरापर्यंत पळवला.”

मी गुळाची वाटी खाली ठेवली.

“घरी येऊन जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मालकांनी समजावलं, म्हणाले, आईची भाषा आहे, असं करू नये. ऐकेना. म्हणाला, आईनं शपथ घेतली तरच जेवीन. मग काय करणार?” आईनं हवेत हात ठेवला, एका लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. “घेतली. तुझ्याशी कानडीत एक शब्द बोलणार नाही. बोलले तर तुझं वाईट होईल. तेव्हा भाकरी खाल्ली.”

शपथेला त्यांच्याकडं आणे म्हणतात. आपल्या आणेसारखाच शब्द, अण्णांना विचारायची गरज पडली नाही.

मला ते न जेवणं आठवत होतं. पहिलीत असताना मी दोन दिवस उपाशी राहिलो होतो, हे घरात कितीदा तरी सांगितलं जायचं आणि मी समजायचो की नव्या पाटीसाठी असेल, दप्तरासाठी असेल. वडिलांनी कधी दुरुस्त केलं नाही. अंथरुणावरून त्यांनी माझ्याकडं बघितलं होतं तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं, आणि त्यांनी मला दुकानाचं विचारलं. ज्या भाषेसाठी मी सात महिने परातीचे आवाज खाल्ले ती माझीच होती. मीच ती आईच्या तोंडून काढून घेतली होती, दोन भाकऱ्यांच्या मोबदल्यात.

पुढं मी केलं ते करायला नको होतं. विचार करायला पाच मिनिटं घेतली असती, अण्णांना विचारलं असतं, गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण मला रडू फुटलं होतं. मी खुर्चीवरून उठून तिच्या पायाशी बसलो, तिचे हात धरले आणि कानडीत म्हणालो, “अव्वा, ना निन्न मगा.” आई, मी तुझा मुलगा. “तोच मी. बघ, मला येते आता. बोल माझ्याशी.”

तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. आधी कपाळाकडं, मग डोळ्यांकडं, मग हनुवटीवरच्या जुन्या खुणेकडं. तिनं मला ओळखलं. ज्यासाठी सात महिने झुरत होतो ते माझ्यासमोर घडलं, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. भीती होती. तिनं हात सोडवून घेतला आणि आपल्या तोंडावर दाबून धरला.

त्यानंतर आई माझ्याशी बोललेली नाही.

मी पुष्कळ केलं. त्याच दुपारी म्हणालो, शपथ सुटली, मी सोडली. लहानपणी आपण म्हणतो तसं. मराठीत म्हणालो, तर तिला मराठी कळत नाही. कानडीत म्हणालो, तर मुलाच्या तोंडून कानडी ऐकून तिचा हात आणखी घट्ट झाला. अण्णा स्वतः आले. तिच्यासमोर बसून गावाकडच्या रीतीनं त्यांनी सांगितलं, “अक्का, ज्यानं आण घातली त्यानंच सोडली, आता दोष न्हाय.” आईनं त्यांना गूळपाणी द्यायला लावलं आणि माझ्याकडं बोट करून त्यांना हळूच काहीतरी विचारलं. बाहेर आल्यावर अण्णांनी चष्मा पुसला. “विचारत्यात, ह्याच्याशी मी किती दिवस बोलले कानडीत? मी चार महिने म्हटलं, तर म्हणत्यात, मग त्याचं किती वाईट होईल?”

आमच्या स्वामींकडून विभूती आणली, तिच्या कपाळाला लावली. तिनं ती बोटानं पुसून माझ्या कपाळाला लावली. एकदा वाटलं, पुन्हा पाहुणा होऊन बघावं. टोपी घातली, घसा खाकरला, दारात उभा राहून “ऊटा आतेन्री?” म्हणालो. तिनं भिंतीकडं तोंड केलं. बायको म्हणाली, आता पुरे करा, त्यांना छळू नका.

कधी असंही वाटतं, की तिला पहिल्यापासून सगळं कळत होतं. मुलाशी बोलायचं तर शपथ मोडते, पाहुण्याशी बोललं तर नाही, म्हणून तिनं मला पाहुणा करून घेतलं होतं. तसं असेल तर तिनं काढलेली ती एकुलती वाट मी माझ्या हातानं बुजवली. तसं नसेल तरी परिणाम तोच. विचारायची सोय नाही.

मावशींशी ती बोलते. मी घरात नसलो की पूर्वीसारखीच, हसून-खिदळून. माझं पाऊल वाजलं की थांबते. म्हणून मी संध्याकाळी दुकान नोकरावर टाकतो, चपला खालीच काढतो आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर भिंतीला टेकून बसतो. आता मला तिचं जवळजवळ सगळं कळतं. अण्णा म्हणतात, आता तुम्हांला शिकवायचं काही राहिलं नाही. ती विहिरीचं सांगते, चिंचांचं सांगते, वडिलांच्या चालीचं सांगते. मला हसू येतं आणि मी ते आत दाबतो.

या सगळ्याच्या शेवटी ती रोज मावशींना तेच विचारते.

“त्याला काही झालं नाही ना?”

“काय झालं न्हाय अव्वा. बरा हाय.”

“ताप?”

“न्हाय.”

“जेवतो?”

“दोन भाकरी खातोय की.”

“नीट बघत जा त्याच्याकडं. मी आण मोडली आहे ना.”

गेल्या आठवड्यात मला खोकला झाला. साधाच, हवा बदलल्याचा. स्वयंपाकघरात दोनदा खोकलो तर आतून थपडांचा आवाज आला. धावत गेलो. आई आपल्या हातानं आपल्या तोंडावर मारून घेत होती आणि मावशी तिचे हात धरत होत्या. मला बघून ती अजून जोरात मारायला लागली, म्हणून मी दारातूनच मागं फिरलो.

खोकला अजून आहे. आला की मी जिना उतरतो, दुकानात जातो, शटर खाली ओढतो आणि तिथं खोकून घेतो.